घराण्याची चटणी आणि बाहेरनं आलेल्या बायका

बेळगाव शहरात असो नाहीतर येळ्ळूर, उचगाव, कडोली असल्या कुठल्याही गावात, चार बायका जेवणाखाण्याचं बोलायला लागल्या की एक वाक्य येतंच, "आमच्या घराण्याची चटणी वेगळी." चटणी म्हणजे इथं वर्षाचं लाल तिखट, कांदा-लसूण, खोबरं, मसाला घालून डंकावर, म्हणजे लोखंडी मुसळाच्या यंत्रावर, कुटून आणलेलं. आमटी, भाजी, झुणका, मटणाचा रस्सा, सगळ्याला तेच एक, आणि ज्याच्या घरची चटणी चांगली त्याच्या घरचं जेवण चांगलं असा साधा हिशोब. पाहुणे जेवून उठताना म्हणतात, अमक्यांच्या घरची चव काय सांगायची, आणि घरातले कर्ते पुरुष खूष होतात, आडनाव लागलंय ना चवीला.

आता या आडनावाकडं जरा नीट बघूया. आमच्या घरातली ही चटणी सासूबाई करत आल्या, त्यांना मी आत्या म्हणते, त्या चिकोडी तालुक्यातनं लग्न करून आलेल्या. त्यांना शिकवलं आजेसासूबाईंनी, त्या सौंदत्तीकडच्या. त्यांच्या सासूबाई खानापूरच्या जंगलाकडच्या गावातल्या. आणि आता करते मी, मी गडहिंग्लजची, म्हणजे तर राज्यसुद्धा वेगळं. घराण्याच्या नावानं जी चव ओळखली जाते ती त्या घराण्यात जन्मलेल्या एकाही माणसानं कधी केलेली नाही. घरात जन्मलेल्या मुली शिकल्या जरूर, पण त्या शिकून दुसऱ्याच्या घरी गेल्या, माझ्या नणंदबाई आता हुबळीत तीच चटणी करतात आणि तिथं ती त्यांच्या सासरच्या घराण्याची चटणी म्हणून ओळखली जाते. म्हणजे पिढ्यान्पिढ्या बाहेरनं एकेक बाई आली, तिनं आधीच्या बाहेरनं आलेल्या बाईकडनं चव उचलली, सांभाळली आणि पुढच्या बाहेरनं येणाऱ्या बाईच्या हातात दिली. घराण्यानं काय केलं तर ताटावर बसून खाल्लं आणि आपलं नाव दिलं. हे मी रागानं लिहीत नाही, पण हे कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय.

आणि सांभाळली म्हणजे जशी मिळाली तशी कुलपात ठेवली असं पण नाही. आमच्या आत्या चटणीतला कुठला जिन्नस कुणी आणला ते सांगू शकतात. खानापूरवाल्या आज्जींनी मिरी आणि दगडफूल आणलं, त्यांच्याकडं जंगलाकडनं मसाल्याचं वळण होतं. सौंदत्तीवाल्यांनी तीळ वाढवले. आत्यांनी स्वतः कांदा कच्चा कुटायचं बंद करून वाळवून तळून घालायला सुरुवात केली, त्या म्हणतात, "आधीची चटणी पावसाळ्यात ओल धरायची, वास मारायचा, मग मी कांद्याचं पाणीच घालवलं." मी आल्यावर मिरचीत बदल झाला, आमच्या गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी जवारी म्हणजे गावरान मिरची येते, ती माहेरचे पाठवायला लागले आणि हळूहळू तिचं प्रमाण चटणीत वाढलं. यातला एकही बदल कुणी जाहीर केला नाही, सासरे जेवताना एवढंच म्हणाले असतील, यंदाची बरी झाली.

प्रमाण लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. एक किलो मिरचीला पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलो संकेश्वरी. ब्याडगी रंगाला, ती तिखट फार नसते पण तिच्या सुरकुतलेल्या सालीत जो लालभडक रंग असतो तो दुसऱ्या कशानं येत नाही, २०११ साली तिला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्कापण मिळालाय. संकेश्वरी लांब, बारीक, तिखटाला आणि वासाला, महाग पडते कारण जवारी मिरचीचं उत्पन्न कमी येतंय आणि शेतकरी हायब्रीडकडं वळलेत, तरी पाव किलो तरी असावीच असं माझं स्पष्ट मत आहे. सुकं खोबरं पाव किलो, धने पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, जिरं पन्नास, लसूण पाव किलो सालीसकट, आलं पन्नास ग्रॅम, कांदे एक किलो, खडे मीठ पाव किलो, हळकुंड दोन-तीन, आणि गरम मसाला म्हणजे लवंग, दालचिनी, मिरी, मसाला वेलची, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र सगळं मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास.

पण हे प्रमाण वाचून चटणी होत नाही हे आधीच सांगते. काम सगळं भाजण्यात आहे. चैत्र-वैशाखात उन्हं तापली की रविवार पेठेतनं जिन्नस येतात, मिरच्या गच्चीवर दोन-तीन उन्हं खातात, देठ काढायच्या वेळी देठ ओढल्यावर टचकन तुटला पाहिजे, लवला तर मिरचीत अजून ओल आहे, परत उन्हात. कांदा पातळ उभा चिरून उन्हात घालायचा, तो सुकून आखडला की तेलात तळायचा, तांबूस झाला की काढायचा, काढल्यावर गरमीनं तो आणखी रंग धरतो, म्हणून पाहिजे त्या रंगाच्या जरा आधीच झारा उचलायचा. काळा झाला तर अख्खी चटणी कडवट. खोबरं किसून मंद आचेवर, तीळ तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. धने, जिरं, मसाला प्रत्येकाची भाजणी वेगळी, सगळं एकत्र टाकून भाजणारी बाई बघितली की आत्या तोंड फिरवतात. मिरची तेलाचा हात लावून परतायची, तेव्हा घरात खोकल्याची साथ येते, शेजारच्या घरातले पण खिडक्या लावून घेतात आणि ओरडून विचारतात, "झाली काय चटणी?"

मग डंक. गिरणीत दळलेलं तिखट आणि डंकावर कुटलेलं तिखट यात फरक असतोय, गिरणीच्या दगडात पीठ तापतं आणि मसाल्यातला जो उडणारा वास आहे तो तिथंच जातो, डंकाच्या लोखंडी मुसळाखाली कमी तापतं. आधी मिरची आणि मीठ, मग सुका मसाला, मग खोबरं-तीळ, शेवटी कांदा-लसूण-आलं, कारण तेल सुटणारे जिन्नस आधी घातले तर मिरची बारीक होत नाही, गोळा होतो. चाळून वर राहिलेलं जाडं परत डंकात. बायका आपापले डबे घेऊन रांगेत बसतात आणि दुसरीच्या चटणीचा रंग बघून घेतात. घरी आणून गार होईपर्यंत परातीत पसरायची, गार झाल्याशिवाय बरणीत भरली तर वाफ धरून बुरशी, मग चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, वर हिंगाचा खडा. मीठ, तळून घालवलेलं पाणी, दाबून भरल्यामुळं कमी झालेली हवा, यावर ती वर्षभर टिकते. यातल्या एकेका पायरीमागं कारण आहे आणि ती कारणं आत्यांना पाठ आहेत, फक्त त्यांनी कधी शास्त्र म्हणून सांगितली नाहीत, "तसं करायचं नसतंय" एवढंच सांगितलं.

म्हणून मला "आईच्या हाताला चव आहे" हे वाक्य आवडत नाही. प्रेमानं म्हणतात सगळे, मान्य, पण त्यात असं वाटतं की ती चव हातातनं आपोआप गळते, त्यात काही डोकं लागत नाही, अभ्यास लागत नाही. ओल किती, आच किती, आधी काय नंतर काय, हे कळायला वर्षं लागतात. हेच एखाद्या माणसानं दुकान टाकून केलं असतं तर त्याला कारागीर म्हटलं असतं.

आमच्या भागात ही गोष्ट जास्त महत्त्वाची का, तर आमचं जेवण कुठल्याच एका पुस्तकात बसत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्या राजकारणावर लिहिणारे भरपूर आहेत, मी त्यात जात नाही. पण सोयरिकी थांबल्या नाहीत. चंदगड, गडहिंग्लज, कागलच्या मुली इकडं येतात, निपाणी-चिकोडी-खानापूरच्या तिकडं जातात, आणि मराठी घर असो की कन्नड, शेजारणी एकमेकींच्या चुलीवर नजर ठेवून असतात. त्यामुळं आमच्या ताटात काय नसतंय! ज्वारीची भाकरी आणि तीळ लावून कडक भाजलेली भाकरी, भरल्या वांग्याची भाजी, अंबाडी म्हणजे पुंडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून वर लसणाची फोडणी, कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, पुरण घातलं की येळवणी, शेंगापोळी, आणि चिकोडी-सौंदत्तीकडनं आलेली मादली, म्हणजे पोळी कुटून गूळ घालून केलेला गोड पदार्थ. नागपंचमीला शेंगदाण्याचे, तिळाचे, डाळ्याचे लाडू आणि ज्वारीच्या लाह्या, गौरी आल्या की भाजी-भाकरी. बेंदूर तर दोन, कर्नाटकी बेंदूर जेठातल्या पुनवेला आणि महाराष्ट्राचा आषाढात, मी माहेरी एक बघितला आणि सासरी दुसरा, दोन्हीला बैलांना नैवेद्य आणि दोन्ही घरी गोडधोड.

पुण्या-मुंबईच्या पाककृतींच्या पुस्तकात येळवणी सापडेलही कटाची आमटी म्हणून, पण तिथली गोडसर असते, आमची तिखटजाळ, वर सांगितलेली चटणी घातलेली. तिकडं बेंगळुरूच्या टीव्हीवर उत्तर कर्नाटकाचं जेवण दाखवतात त्यात आमच्या मराठी घरातलं काही येत नाही. दोन्हीकडच्या नजरेतनं सुटलेलं हे जेवण आहे. त्याची नोंद कुठं असेल तर ती फक्त इथल्या बायकांच्या डोक्यात, आणि ज्या दिवशी ती बाई जाते त्या दिवशी ती नोंद पण जाते. आमच्या भावकीतल्या एका आज्जींची ज्वारीच्या पिठाची आंबील अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध होती, यल्लम्माच्या परडीला त्यांच्याकडनंच न्यायचे लोक, त्या गेल्या आणि आता सुना करतात ती आंबील असते पण ती आंबट फुगलेली तशी होत नाही, पीठ किती वेळ भिजवायच्या, आधीच्या आंबीलीतलं थोडं राखून ठेवायच्या की नाही, कुणी विचारलंच नव्हतं.

खपली गव्हाच्या खिरीचं सांगते, कारण त्यात आणखी एक गोष्ट आहे. खपली म्हणजे जुना गहू, साल दाण्याला घट्ट चिकटलेली, साध्या मळणीनं निघत नाही, कांडावा लागतो. आमच्या आत्या अजून खिरीपुरता उखळात कांडतात. पाण्याचा हबका मारून थोडा वेळ झाकून ठेवायचा, मग कांडायचा, ओलसर झाल्यामुळं वरची साल सुटते पण दाणा फुटत नाही. पाखडून रात्रभर भिजत. सकाळी भरपूर पाण्यात मंद आचेवर, दाणा उमलून बोटात दाबला की मऊ झाला पाहिजे, तोपर्यंत गुळाचं नाव काढायचं नाही. मला वाटायचं का एवढी घाई नको म्हणतात, तर गूळ एकदा पडला की दाणा त्यापुढं शिजत नाही, कितीही वेळ ठेवा, चिवटच राहतो. गूळ विरघळल्यावर किसलेलं खोबरं, भाजलेली खसखस, सुंठ, वेलची, जायफळ, थोडी बडीशेप. दूध पातेल्यात घालायचं नाही, गुळानं फाटतं, वाटीत वाढताना वरनं घालायचं आणि तूप सोडायचं. प्रेशर कुकरमध्ये पण होते, मी करते घाईत, पण दाणे एकमेकांत मिसळून लगदा होतो, ती खीर आणि ही खीर वेगळी.

तर सांगायची गोष्ट अशी की हा गहू अजून शिवारात दिसतोय तो कुणामुळं? धारवाडच्या कृषी विद्यापीठानं त्याच्या डीडीके १०२५, डीडीके १०२९ अशा बुटक्या जाती काढल्या, त्यांचं काम मोठं आहेच. आता शहरात शुगरवाल्यांचा गहू म्हणून त्याला भाव पण आलाय. पण मधली कितीतरी वर्षं, जेव्हा सगळीकडं जास्त उत्पन्नाच्या गव्हाचं वारं होतं, तेव्हा आमच्या घरात सासऱ्यांनी बांधाकडेच्या तुकड्यात खपली पेरली ती फक्त एवढ्यासाठी की घरातली बाई म्हणाली, "बेंदराच्या खिरीला दुसरा गहू चालत नाही." संकेश्वरी मिरचीचं पण तेच. चुलीला गरज असली तर बियाणं राहतं. घरातल्या बाईनं एक पदार्थ करायचं सोडलं की त्यामागचा जिन्नस, तो पेरणारा, ते भांडं, ते कांडायचं कसब, सगळी साखळी सुटत जाते.

कुंदा बेळगावचा म्हणून सगळ्यांना माहीत आहे, गोकाकचा डिंक-सुक्यामेव्याचा करदंट पण, येणारा प्रत्येक पाहुणा डबा घेऊन जातो. ते टिकतील, त्याला दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, रोजचा पैसा आहे. मांड्यांचं मात्र मधलं झालंय. मुक्ताबाईनं ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजल्याची गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय, "मनातले मांडे" रोज बोलतो, पण मांडे प्रत्यक्ष करणाऱ्या बायका आता बोटावर मोजण्याइतक्या. बेळगावात लग्नात मांड्यांचा मान अजून आहे. कणीक अशी तिंबायची की ओढली तर तुटणार नाही, आत पिठीसाखर, खसखस, वेलचीचं सारण, लाटून झाल्यावर दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करायचा, कोपरापर्यंत यायचा तो, आणि पालथ्या कढईवर टाकायचा, खाली लाकडाचा जाळ. क्षणभरात भाजतो, गरम असतानाच घडी घालायची, गार झाला की कुरकुरीत, मग घडी घालायला गेलात तर तुकडे. पूर्वी घराघरात येणारं काम आता ऑर्डर देऊन करून घेतात. त्यात वाईट काही नाही, ज्या बायका ते करतात त्यांना त्याचे पैसे मिळतात आणि मिळालेच पाहिजेत. मला उलट वाटतं की घरच्या चवीला पैसा मिळत नाही म्हणूनच तिची किंमत कुणी करत नाही.

सरकारची २०२४ ची वेळेच्या वापराची पाहणी आहे, देशात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांचे ८८. चटणीचा हंगाम, पापड-सांडगे-कुरडया, दिवाळीचं फराळ, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, हे सगळं पण असलंच बिनपगारी काम आणि त्याला वारसा, परंपरा असली मोठी नावं आपण भाषणात देतो. कर्नाटकात २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार बायकांच्या खात्यावर यायला लागले. पुढच्या वर्षी आमच्याच जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातल्या एका आज्जींनी ते पैसे साठवून अख्ख्या गावाला होळगीचं म्हणजे पुरणपोळीचं जेवण घातलं, पेपरात आलं होतं. ते वाचताना माझे डोळे भरून आले. स्वतःच्या नावाचा पैसा हातात आला आणि त्या बाईनं काय केलं तर गावाला जेवू घातलं. आपल्या हातची चव आपल्या पैशानं वाढायची, हे सुख आमच्या आधीच्या किती जणींना मिळालं असेल?

२०१३ मध्ये युनेस्कोनं कोरियातल्या किमजांगला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. हिवाळ्याच्या तोंडावर बायका एकत्र येऊन वर्षाची किमची घालतात ते काम. त्याच्या नोंदीत लिहिलंय की ही कला सहसा सासू नवीन सुनेला शिकवते. मी ते वाचून आत्यांना सांगितलं, त्या चटणीची बरणी पुसत होत्या, म्हणाल्या, "म्हणजे तिकडं पण परक्याच्या लेकीच राखतात म्हण की." मला जे इतकी वर्षं शब्दात मांडता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

आता यावर कुणी म्हणेल की मग नोकरी करणाऱ्या सुनांनी पण घरी बसून चटण्या कुटाव्यात काय. अजिबात नाही. माझी धाकटी जाऊ बेंगळुरूला आयटीत आहे, रात्री उशिरापर्यंत मीटिंग असतात, तिनं खपली कांडावी असं मला वाटत नाही आणि तिच्यावर कुणी तशी अपेक्षा लादली तर मी तिच्या बाजूनं उभी राहीन. परंपरा राखायची म्हणून बाईलाच चुलीला बांधून ठेवायचं, हा जो गोड बोलून केलेला जुलूम आहे तो मला नको. पण चव तर सगळ्यांना पाहिजे! दिराला बेंगळुरूत बसून घरचीच चटणी पाहिजे, डबा संपला की फोन येतो. मग शिक की. घराण्याचं नाव लावतोस ना, मग त्या घराण्यातल्या माणसाच्या हाताला ते काम एकदा तरी लागू दे. यंदा उन्हाळ्यात दीर आठ दिवस घरी होते तेव्हा मी त्यांना झारा हातात दिला, आत्या आधी नको नको म्हणाल्या, "पुरुष माणसाला काय जमतंय ते", पण कांदा तळून होईपर्यंत त्याच बाजूला उभ्या राहून सांगत होत्या, "आता काढ, आता काढ, बघत काय बसलास!" कांदा बरोबर रंगावर निघाला. पुढच्या वर्षी मिरची पण त्यांनीच परतायची असं ठरलंय.

काही घरांत मुलीला मसाल्याचं प्रमाण सांगत नाहीत, ती परक्या घरी घेऊन जाईल म्हणून, फक्त सुनेला सांगतात. हे मला कधीच पटलेलं नाही. जी गोष्ट मुळात परक्या घरातनंच आली ती बाहेर जाऊ नये म्हणून जपायची, याला काय अर्थ? जितक्या घरी जाईल तितकी टिकेल. माझ्या आईनं मला शेपूची भाजी शिकवली ती मी इथं आणली, इथली शेंगापोळी माझ्या वहिनीनं गडहिंग्लजला नेली, कुणाचं काय कमी झालं?

मी एक वही केलीय. लिहायची पद्धत अशी ठेवलीय की जिन्नस आत्या हातानं घेतात तसे घेऊ द्यायचे आणि भांड्यात पडायच्या आधी वजनकाट्यावर ठेवायचे. आत्या सुरुवातीला चिडल्या, "तुझ्या काट्याला काय कळतंय, मिरची बघून मीठ घालायचं असतंय." खरं आहे त्यांचं, म्हणून वजनाच्या पुढं मी खूण पण लिहिते, देठ टचकन तुटला पाहिजे, तीळ तडतडले पाहिजेत, दाणा बोटात दाबला पाहिजे. मिनिटं लिहीत नाही, कारण चुलीची आच, गॅसची आच, पावसाळ्याची हवा यानं मिनिटं बदलतात, खूण बदलत नाही. चिपटं, मापटं ही मापं धान्यागणिक वेगळ्या वजनाची होतात, त्यामुळं आमच्या घरातलं जे जुनं पितळेचं मापटं आहे त्यात खपली, ज्वारी, तूरडाळ वेगवेगळी भरून वजन करून शेवटच्या पानावर नोंद केलीय. मोबाईलवर व्हिडिओ पण काढते, पण व्हिडिओत वास येत नाही आणि आत्या कॅमेरा बघून मुक्या होतात, त्यापेक्षा आवाज रेकॉर्ड करणं बरं पडतं, काम करताना त्या इतकं बोलतात की सगळं त्यातच सापडतं.

प्रत्येक पदार्थाच्या वर एक ओळ ठेवलीय, ही कुणाकडनं आली. गावाचं नाव आणि नातं. शेंगापोळी, आजेसासूबाई, सौंदत्ती. कडक भाकरी, त्यांच्याच. फणसाची भाजी, खानापूरच्या पणजीसासूबाई. कांदा-लसूण चटणी, चार बायका, चार गावं, त्यात कुठला बदल कुणाचा ते सगळं. पणजीसासूबाईंचं नाव कुणाला आठवत नव्हतं, सासरचं ठेवलेलं नाव माहीत होतं पण माहेरचं नाही, मग सासऱ्यांनी त्यांच्या माहेरच्या भावकीत फोन लावले, दोन दिवसांनी नाव मिळालं आणि ते वहीत गेलं.

शेजारच्या काकू कन्नड बोलतात, आमचं निम्मं कन्नड निम्मं मराठी असं चालतं, त्यांच्या मादलीचं प्रमाण वहीत अजून यायचंय. गव्हाची जाड पोळी भाजून, कुटून, त्यात गूळ, डाळं, खसखस, खोबरं, सुंठ-वेलची, पण गूळ किती आणि पोळी किती जाड यावर त्यांचं आणि त्यांच्या जावेचं जमत नाही, दोघी दोन प्रकारे करतात. मी दोन्ही लिहून घेणार आहे, पुढच्या सणाला त्या करायला बसल्या की वजनकाटा घेऊन जायचं ठरलंय.